आलेखाची खिडकी आणि नावाची हद्द

स्मरणिकेतील लेख म्हटला की एखादा आजार, एखादे नवे औषध किंवा एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा परिचय, असे विषय आपण अपेक्षितो. प्रस्तुत लेखाचा विषय संगणकाच्या भाषेचा आहे. तथापि तो लिहिताना डोळ्यांसमोर रुग्णच आहे. आपल्यापैकी अनेक जण, विशेषतः तरुण सहकारी, दवाखान्यातील संगणकावर स्वतःपुरत्या लहानशा आज्ञावली लिहू लागले आहेत. मीही त्यांतलाच एक. वजनावरून मात्रा काढणे, सहा महिन्यांच्या रक्तशर्करेचा आलेख रेखाटणे, मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा अंदाज बांधणे, अशी कामे त्यांत असतात. बहुधा पायथन ही भाषा वापरली जाते, कारण ती विनामूल्य आहे आणि शिकण्यास सोपी आहे.

हा मार्ग धरणाऱ्याने दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात, असे मला वाटते. पहिली, पडद्यावर उघडणारी आलेखाची खिडकी कशी चालते. दुसरी, आज्ञावलीत आपण एखाद्या राशीला दिलेले नाव कोठपर्यंत ओळखले जाते. दुसऱ्या गोष्टीला संगणकशास्त्रात चलाची व्याप्ती म्हणतात. मी तिला नावाची हद्द म्हणेन. या दोन गोष्टींची गाठ जेथे पडते, नेमके तेथेच एका रुग्णाचा आकडा दुसऱ्या रुग्णाच्या खाती जाण्याचा संभव असतो.

स्मरणिका मराठी असल्यामुळे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात. चलांची नावे मात्र देवनागरीतही चालतात. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. ‘वजन’, ‘वय’ अशी नावे आपण खुशाल देऊ शकतो. केवळ आकडे तेवढे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात.

एका मज्जाशास्त्रज्ञाची देणगी

पायथन ही भाषा नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्या भाषेत आलेख काढण्यासाठी जे साधन आज सर्वाधिक रूढ आहे, त्याचे नाव मॅटप्लॉटलिब. त्याचा जन्म वैद्यकक्षेत्रात झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात मज्जाजीवशास्त्राचे संशोधन करणारे जॉन हंटर हे अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवून घेतलेल्या विद्युत्‌नोंदी अभ्यासत होते. त्या नोंदी पडद्यावर मागेपुढे सरकवून, लहानमोठ्या करून पाहाव्यात, या गरजेतून त्यांनी हे साधन घडविले आणि २००३ साली ते सर्वांसाठी खुले केले. कर्करोगावरील उपचारांतून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे २०१२ साली, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगापुढे आले, त्या कामातही या साधनाचा वापर झाला होता.

सांगण्याचे तात्पर्य असे की, ज्या आलेखाला हात लावता येतो, जो सरकवता येतो, असा आलेख ही डॉक्टरी कामाचीच मूळ गरज होती. कागदावरचे चित्र एक उत्तर देते, हलणारा आलेख “असे झाले तर काय?” या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्या कामाचे एक उदाहरण

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. मधुमेह आला की मागोमाग मूत्रपिंडाची चिंता आलीच. म्हणून उदाहरणही तेच घेऊ.

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ सालचे सूत्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. १४० मधून वय वजा करावे, त्यास किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि रक्तातील क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ने गुणावे. हाती येते ते क्रिएटिनिन निष्कासनाचे अनुमान, मिनिटाला इतके मिलिलिटर.

चाळीस वर्षांचा, ६० किलो वजनाचा पुरुष घेऊ. क्रिएटिनिन १.० असता उत्तर येते सुमारे ८३, २.० असता ४२, ३.० असता २८. याचा आलेख काढला तर रेषा सरळ उतरत नाही. आरंभी ती कड्यासारखी कोसळते आणि पुढे सपाट होत जाते. ०.८ वरून १.२ वर जाणे म्हणजे १०४ वरून ६९ वर येणे. अहवालावर दोन्ही आकडे निरुपद्रवी भासतात; आलेखावर मात्र ती उतरण डोळ्यांत भरते. आता या आलेखाखाली वजनाची आणि वयाची एकेक सरकपट्टी बसवली, तर पट्टी सरकवताच संपूर्ण वक्र वरखाली होताना दिसतो. विद्यार्थ्याला किंवा रुग्णाच्या मुलाला समजावून सांगण्यास याहून चांगले साधन नाही.

खिडकी म्हणजे चित्र नव्हे

नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. आलेखाची सर्व तयारी झाल्यावर ‘शो’ ही आज्ञा दिली की खिडकी उघडते. पण त्यापुढील ओळी चालेनाशा होतात. संगणक बिघडला असे वाटते. वस्तुतः आज्ञावली त्या ओळीवर थांबून खिडकीची सेवा करीत असते. वाचकाने कोठे टिचकी मारली, पट्टी कोठे सरकवली, खिडकी मोठी केली की लहान, याची ती वाट पाहत असते. खिडकी बंद केली की मगच पुढील ओळ चालते.

या वाट पाहण्याला घटनाचक्र म्हणतात. दवाखान्याच्या दाराशी बसलेल्या कंपाउंडरसारखे त्याचे काम असते. कोण आले ते पाहायचे, त्याला आत पाठवायचे, पुन्हा दाराकडे लक्ष द्यायचे. त्या कंपाउंडरलाच आपण तासभर हिशेबाच्या वह्या तपासायला बसवले, तर दाराशी आलेल्यांना कोणी विचारणार नाही. खिडकीचेही तसेच होते. पट्टी सरकवल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये मोठी आकडेमोड घातली, की खिडकी गोठते आणि तिच्या माथ्यावर ‘प्रतिसाद नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना झळकते.

आज्ञावली थांबू नये आणि खिडकीही उघडी राहावी, अशी इच्छा असेल तर ‘आयऑन’ या आज्ञेने परस्परसंवादी पद्धत सुरू करता येते. मग खिडकी उघडते आणि पुढील ओळीही चालतात. मात्र अशा वेळी मध्ये थांबायचे असल्यास पायथनची नेहमीची ‘स्लीप’ ही आज्ञा वापरू नये. ती कंपाउंडरलाही झोपवते. मॅटप्लॉटलिबची ‘पॉज’ ही आज्ञा वापरावी. ती आज्ञावलीला विश्रांती देते, परंतु तेवढ्या वेळात खिडकीकडे लक्ष चालू ठेवते. आणि आज्ञावलीच्या अगदी शेवटी परस्परसंवादी पद्धत बंद करून एकदा ‘शो’ द्यावे, कारण ती संपली की खिडक्याही मिटतात.

नावाची हद्द

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. पायथनमध्ये फंक्शनच्या आत एखाद्या नावाला किंमत दिली, की ते नाव त्या फंक्शनचे खासगी होते. बाहेर त्याच नावाचे दुसरे चल असले, तरी त्याला धक्का लागत नाही. उलट, फंक्शनच्या आत एखादे नाव केवळ वाचले आणि ते आत सापडले नाही, तर पायथन ते बाहेर शोधू लागते. प्रथम स्वतःच्या फंक्शनमध्ये, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मग संपूर्ण आज्ञावलीच्या पातळीवर आणि अखेरीस भाषेच्या अंगभूत नावांत, असा त्याचा क्रम असतो.

रुग्णालयाच्या भाषेत सांगायचे तर फंक्शनमधील चल हा रुग्णाच्या खाटेशी टांगलेला केस पेपर आहे आणि आज्ञावलीच्या पातळीवरील चल हा वॉर्डातील सामाईक फळा आहे. केस पेपरवर नोंद नसेल, तर पायथन निमूटपणे फळ्यावरची नोंद वाचते. ती कोणाची, हे ते विचारीत नाही.

याचा परिणाम पाहू. आज्ञावलीच्या आरंभी पहिल्या रुग्णासाठी ‘वजन = ६०’ असे लिहिले आहे. दुसऱ्या रुग्णाची माहिती भरण्यासाठी ‘नवा रुग्ण’ या अर्थाचे एक फंक्शन आहे आणि त्याच्या आत ‘वजन = ४५’ असे लिहिले आहे. निष्कासन काढणाऱ्या फंक्शनला वय आणि क्रिएटिनिन कंसातून दिले आहे, स्त्री की पुरुष हेही दिले आहे. वजन तेवढे दिलेले नाही, ते बाहेरून वाचले जाते. दुसरा रुग्ण म्हणजे ७५ वर्षांची, ४५ किलो वजनाची स्त्री, क्रिएटिनिन १.५. योग्य उत्तर २३. परंतु ‘नवा रुग्ण’मधील ४५ हा आकडा त्या फंक्शनसोबतच विरून गेला, फळ्यावर ६० तसाच आहे. उत्तर येते जवळपास ३१.

एनॉक्सापॅरिनची उपचारमात्रा किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. निष्कासन ३० पेक्षा कमी असल्यास दिवसातून एकदाच. आपल्या आजींना योग्य मात्रा दिवसाला ४५ मिलिग्रॅम. मात्रा काढणारे फंक्शनही फळ्यावरचेच वजन वाचत असेल, तर उत्तर येईल ६० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे १२०. अडीच पटीहून अधिक मात्रा आणि तीही रक्त पातळ करणाऱ्या औषधाची! पडद्यावर मात्र चुकीची एकही सूचना नाही. आलेख सुबक, वक्र नितळ, आकडे विश्वास बसावा असे.

कधी कधी पायथन तक्रारही करते. फंक्शनच्या आत ‘संख्या = संख्या + १’ असे लिहिले आणि ‘संख्या’ बाहेरची असली, तर ‘अनबाउंड लोकल एरर’ दाखवून आज्ञावली थांबते, कारण आत किंमत देताक्षणी ते नाव खासगी ठरले आणि खासगी नावाला अजून किंमतच नाही. नवशिक्या या त्रुटीने वैतागतो. मला ती हितकर वाटते. दुखणारा दात माणसाला डॉक्टरकडे आणतो. न दुखणारी गाठच घात करते.

या तक्रारीवर सहज सुचणारा इलाज म्हणजे ‘ग्लोबल’ हा शब्द. तो लिहिला की फंक्शनला फळ्यावर लिहिण्याची मुभा मिळते. तात्पुरते काम भागते. पण मग कोणतेही फंक्शन कोणाचाही आकडा पुसू शकते. २००८ पासून ‘नॉनलोकल’ हा शब्दही आहे. तो केवळ वेढणाऱ्या फंक्शनमधील नाव बदलू देतो, म्हणून तुलनेने सौम्य. खरा इलाज मात्र एकच. फंक्शनला जे जे लागते ते सर्व कंसातून द्यावे आणि उत्तर ‘रिटर्न’ने परत घ्यावे.

खिडकी आणि हद्द यांची गाठ

साध्या आज्ञावलीत वरचे पथ्य पाळणे सोपे असते. हलणाऱ्या आलेखात ते अवघड होते, कारण पट्टी सरकली असता चालणारे फंक्शन आपण हाताने बोलावीत नाही, खिडकी बोलावते. ती त्याला पट्टीचा नवा आकडा देते. बाकीची माहिती त्याने कोठून तरी मिळवावी लागते आणि मोह फळ्याकडेच जातो. यातून तीन प्रसंग उद्भवतात.

पहिला प्रसंग असा. चार खाटांच्या चार रुग्णांसाठी खिडकीत चार बटणे आहेत. ती एकाच आवर्तनात तयार केली आहेत आणि प्रत्येक बटणाला “या रुग्णाचा आलेख दाखव” असे फंक्शन जोडले आहे. बटणे दाबून पाहावीत, तर चारही बटणे चौथ्याच रुग्णाचा आलेख दाखवतात. कारण फंक्शन रुग्णाचे नाव लक्षात ठेवते, त्या नावामागची तेव्हाची किंमत नव्हे. बटण दाबले जाते तेव्हा आवर्तन केव्हाच संपलेले असते आणि ‘रुग्ण’ या नावामागे शेवटचा रुग्ण उभा असतो. फंक्शन तयार करतानाच ‘रुग्ण = रुग्ण’ अशी ठरावीक किंमत त्याच्या कंसात बांधून टाकली, म्हणजे प्रत्येक बटण आपापल्या रुग्णाला धरून राहते.

दुसरा प्रसंग. सरकपट्टी एका फंक्शनच्या आत तयार केली. ती पडद्यावर दिसते, पण सरकवली तरी ढिम्म हलत नाही. येथे दोष खिडकीचा नाही, हद्दीचा आहे. फंक्शन संपले की त्यातील खासगी नावे संपतात आणि ज्या वस्तूला कोणतेही नाव उरले नाही, ती पायथन आवरून टाकते. खिडकीला त्या पट्टीची केवळ सैल आठवण असते. ती आठवण पट्टीला जगवू शकत नाही. म्हणून पट्टी फंक्शनमधून परत करावी आणि बाहेर एखाद्या नावात धरून ठेवावी.

तिसरा प्रसंग सर्वांत फसवा. एकाच वेळी दोन रुग्णांच्या दोन खिडक्या उघड्या आहेत. ‘प्लॉट’ ही सर्वसाधारण आज्ञा वक्र काढते तो ‘चालू’ आकृतीवर. चालू आकृती म्हणजे बहुधा शेवटी उघडलेली. पण मधल्या काळात आपण दुसऱ्या खिडकीवर टिचकी मारली, की तीच चालू होते. पुढचा वक्र तेथे उमटतो. एका रुग्णाची रेषा दुसऱ्याच्या आलेखावर जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय असा की, आकृती तयार करतानाच तिच्या आलेखक्षेत्राला स्वतंत्र नाव द्यावे आणि “या क्षेत्रावर काढ” असे स्पष्ट सांगावे. खिडक्या साचूही देऊ नयेत. वीसहून अधिक आकृत्या उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब स्वतःच इशारा देते. काम झालेली खिडकी ‘क्लोज’ने मिटावी.

या तिन्ही प्रसंगांवर एक समान तोडगा आहे. रुग्णाची माहिती, त्याची आकृती, त्याच्या पट्ट्या आणि त्यांना उत्तर देणारी फंक्शने या सर्वांचा मिळून एक वर्ग, म्हणजे ‘क्लास’, तयार करावा. प्रत्येक रुग्णामागे त्या वर्गाची नवी प्रत काढली, की प्रत्येकाची सामग्री त्याच्यापाशीच राहते. एका रुग्णाला एक केस पेपर, हाच तो जुना नियम.

काही पथ्ये

१. सूत्र प्रथम आलेखाशिवाय, एका स्वतंत्र फंक्शनमध्ये लिहावे आणि दोन-तीन उदाहरणे हाताने सोडवून पडताळावीत.

२. दुसरे उदाहरण पहिल्याहून सर्वस्वी वेगळे घ्यावे. एकच रुग्ण तपासून पाहिल्यास फळ्यावरचा शिळा आकडा कधीच उघडकीस येत नाही.

३. आज्ञावली एकदा संपूर्ण बंद करून नव्याने चालवावी. अर्ध्या तासापूर्वी दिलेली किंमत स्मृतीत रेंगाळत असेल, तर तीच उत्तराला आधार देत असते.

४. आलेखाच्या माथ्यावर वय, वजन आणि क्रिएटिनिन हे मूळ आकडे छापावेत आणि ते ज्या चलांतून गणित झाले त्यांतूनच घ्यावेत. ३१ या उत्तरासोबत ‘वजन ६०’ असे दिसले, तर समोर बसलेल्या कृश आजींकडे पाहून कोणालाही शंका येईल.

५. रुग्णाचे नाव आज्ञावलीत लिहू नये. क्रमांक पुरेसा असतो.

६. घरगुती आज्ञावली ही समजून घेण्यासाठी आणि समजावून देण्यासाठी आहे. मात्रा ठरवताना औषधाचे माहितीपत्रक आणि स्वतःचे गणित यांना पर्याय नाही.

ज्यांना अधिक शिकण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाचे ध्वनिचित्रपाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत पायथनची मालिका आहे, आलेख परस्परसंवादी रीतीने हाताळण्याचा पाठ आहे आणि कित्येक पाठ मराठीतूनही ऐकता येतात. घरी अभियांत्रिकी शिकणारी मुले असतील, तर त्यांनाही सोबत घ्यावे. भाषा त्यांना आपल्यापेक्षा लवकर येईल. परंतु २३ आणि ३१ या दोन आकड्यांत काय अंतर आहे, ते आपणच त्यांना सांगू शकतो.

औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव पुन्हा एकदा विचारावे, हे आपल्याला पहिल्या वर्षीच्या वॉर्डात शिकवले गेले. संगणकासमोर बसल्यावरही तोच प्रश्न विचारायचा आहे. हा आकडा कोणाचा आणि तो येथे कोठून आला? ज्या ओळीपाशी या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ती ओळ पुन्हा लिहावी.